गोठ्यातला शर्ट

कडावच्या नाक्यावर माझी दूध डेअरी आहे. डेअरी म्हणजे पत्र्याची एक खोली, फॅट बघायचं मशीन, वजनकाटा आणि मी. सकाळी लोक किटल्या घेऊन येतात, मी त्यांचं दूध तपासतो, आणि दूध तपासता तपासता माणसंही तपासून होतात. कोणाच्या दुधात पाणी आहे हे मला मशीनच्या आधी त्याच्या तोंडावरून कळतं. पाणी घातलेला माणूस आल्या आल्या राजकारणावर बोलायला लागतो. गाव मला तोंडावर रोहिदासभाऊ म्हणतं आणि माघारी तुसडा म्हणतं. म्हणू दे. या धंद्यात मी गोड बोलायला लागलो तर लोक मला विहीर आणून घालतील.

सहदेवच्या दुधात कधी पाणी नव्हतं आणि तो राजकारणावर कधी बोलला नाही. साजगावच्या एका कारखान्यात तो कामाला होता. पहाटे उठून म्हशीची धार काढायची, मोटरसायकलला किटली लटकावून माझ्याकडे दूध घालायचं आणि तसंच पहिल्या पाळीला जायचं, हा त्याचा वर्षानुवर्षांचा नेम होता. ‘बरं हाय ना?’ असं विचारायचा आणि उत्तर ऐकायला थांबायचा नाही. मला असली माणसं आवडतात.

त्याची म्हैस भिंगरी. नाव ऐकून कोणाला वाटेल चपळ असेल, पण ती जागची हलायला तयार नसायची. पारडू असतानाच तिची आई साप चावून मेली आणि सहदेवने तिला बाटलीने दूध पाजून जगवली. तेव्हापासून ती स्वतःला म्हैस समजत होती की त्याची थोरली लेक, याबद्दल मला शंका आहे. धार काढू द्यायची ती फक्त त्याला. दुसरं कोणी खाली बसलं की लाथ मारायची, आणि पाय बांधले तर दूध वर चढवून ढिम्म उभी राहायची. तिच्यापायी सहदेवने कोणाच्या लग्नात मुक्काम केला नाही, सासुरवाडीहूनसुद्धा अंधार पडायच्या आत परत. त्याची बायको सुंदरा म्हणायची, ‘माजी सवत हाय ती.’ म्हणायची आणि सवतीला रोज आंघोळ घालायची.

गेल्या भाद्रपदात सहदेवला ताप आला. शेतातल्या चिखलात पाय चिरला होता, त्याने ताप अंगावर काढला. डोळे पिवळे झाले तेव्हा पनवेलच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी लेप्टो सांगितलं आणि उशीर झाला हेही सांगितलं. गावातल्या गणपतींचं विसर्जन होऊन आठवडा उलटला नसेल, तोच अॅम्ब्युलन्स त्याला परत घेऊन आली. पोरगी आरोही अजून कर्जतच्या कॉलेजात शिकत होती. म्हातारी आई सोनुबाई घरातच होती. धाकटा भाऊ मनोज खोपोलीहून धावत आला.

नाक्यावर फ्लेक्स लागला. फोटो कंपनीच्या ओळखपत्रावरून घेतलेला, त्यामुळे भावपूर्ण श्रद्धांजलीच्या मधोमध सहदेव कोणीतरी दटावल्यासारखा ताठ बघत होता. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली आणि त्या रांगेत कोणीतरी बोअरवेलची जाहिरात घुसवली.

सुंदरा रडली नाही. बायकांनी तिला धरलं, हलवलं, ‘रड गं बाई, मोकळी हो,’ म्हणून विनवलं. तिने हातातल्या बांगड्या आपल्या आपणच उतरवल्या आणि विचारलं, ‘म्हशीला पानी दावलं का कुनी?’ यावरून आळीत दोन तट पडले. एकाचं म्हणणं, बाई दगडाची आहे. दुसऱ्याचं म्हणणं, मोठा धक्का बसलाय. मला दोन्ही पटलं नाही. म्हशीला खरोखरच कोणी पाणी दाखवलं नव्हतं.

दहाव्याला नदीवर कावळ्यानेही फार वाट बघायला लावली नाही. सहदेव तसाही कोणाला ताटकळत ठेवणारा नव्हता.

आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाचे कपडे घराबाहेर काढतात. काही नदीला सोडतात, काही गरजवंताला देतात. एखादा कपडा मागे राहिला तर जाणाऱ्याचा पाय उंबऱ्यात घुटमळतो, असं मानतात. सहदेवचे कपडे सोनुबाईने स्वतः गोळा केले. कपाटातले काढले, खुंटीवरचे काढले, दोरीवर वाळत असलेला बनियनही सोडला नाही. सुंदरा एवढंच म्हणाली, ‘आये, येक तरी ऱ्हाऊ दे.’

‘नाय,’ सोनुबाई म्हणाली. ‘माजा पोर हितंच घुटमळत बसला तर चालंल तुला?’

मनोजने गोणी खांद्यावर घेतली आणि तो नदीकडे गेला. म्हातारी त्यानंतर भिंतीकडे तोंड करून जी निजली, ती जेवायलासुद्धा हाक मारल्याशिवाय उठेना. दिवसभरात मुलाचं नाव काढायची नाही. दुसऱ्या कोणी काढलं तर कान नसल्यासारखी पडून राहायची.

इकडे भिंगरीचा वेगळाच तमाशा चालू होता. सहदेवला दवाखान्यात नेला त्या दिवसापासून तिने कोणाला थेंब दिला नव्हता. पारडू प्यायचं तेवढंच. सुंदरा खाली बसली की दूध वर. पेंड घातली, पारडू पुढ्यात बांधलं, पाठीवरून हात फिरवला, शेवटी शिव्या दिल्या. कास तटतटून दगडासारखी लागायला लागली. मनोज म्हणाला, इकून टाका, वयनी, मी गिऱ्हाईक आनतो. शेजारची आवडी म्हणाली, सुई मारा, पान्हा सोडते झक्कत. सुंदराने दोघांनाही गप्प बसवलं आणि माझ्याकडे डेअरीत आली, रिकामी किटली घेऊन. रिकामी किटली घेऊन डेअरीत येणारं माणूस मी तरी पहिल्यांदाच बघत होतो.

‘भाऊ, काय करू? कास पिकंल तिची. त्यांनी बाटलीनं वाडवलेली हाय.’

मी म्हणालो, यात डोकं चालवण्यासारखं काही नाही. जनावर वासाने माणूस ओळखतं. ज्याच्या हाताची सवय, त्याच्या अंगातला कपडा घालून बसायचं, डोक्याला त्याचंच फडकं बांधायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही.

‘कपडे तर नदीला गेले,’ ती म्हणाली. मग दाराशी जाऊन मागे वळली. ‘येक हाय.’

एक होता. कंपनीचा जुना निळा शर्ट, खिशावरची अक्षरं उडालेली, कोपराला फाटलेला. धार काढताना सहदेव तो अंगात घालायचा आणि काम झालं की डोक्याच्या गमछ्यासकट गोठ्यातच खुंटीला टांगायचा. शेणाने इतका माखलेला होता की सोनुबाईच्या हिशेबी तो कपड्यांत जमाच नव्हता. तिने घर धुंडाळलं, गोठा धुंडाळला नाही. सुंदराला मात्र दहाव्या दिवशीही तो शर्ट माहीत होता, आणि तिने तोंड उघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी किटली भरून आली. फॅटही चांगली लागली. मी ‘फसली का?’ असं विचारलं, तर सुंदरा म्हणाली, ‘फसली.’ तिच्या तोंडावर आनंद दिसला नाही, पण मला आनंदाशी काय करायचं होतं? मला दूध मिळालं.

एरवी बाईने अंगात नवऱ्याचा शर्ट घालणं आमच्याकडे काही नवलाचं नाही. लावणीला, कापणीला सगळ्याच बायका साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात, ऊन लागत नाही आणि हात चिरत नाहीत. पण ते नवरे जिवंत असतात. म्हणून सुंदरा पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची, गोठ्यात जाऊन साडीवर तो शर्ट चढवायची, डोक्याला त्याचा गमछा गुंडाळायची, मुकाट्याने धार काढायची आणि शर्ट भुशाच्या गोणीमागे दडवून बाहेर पडायची. धुवायची सोय नव्हती. धुतला तर वास जाईल आणि वास गेला तर म्हैस जाईल.

असल्या गोष्टी किती दिवस लपणार? आवडी एकदा पहाटे उठली होती, तिला कुडातून सहदेव दिसला. पाठमोरा, निळा शर्ट, धार काढत बसलेला. ती तोंडात पदर कोंबून घरात पळाली आणि उजाडायच्या आत आळीभर झालं की सहदेव अजून आपली म्हैस पिळायला येतो. माझ्या डेअरीत त्यावर चर्चा बसली. ते दूध घ्यावं की घेऊ नये, हा प्रश्न लोकांनी मला गंभीरपणे विचारला. मी म्हणालो, भुताने पाणी घातलेलं नाही, तुम्ही घालता. चर्चा उठली.

खरी भानगड वेगळीच होती, आणि ती मला कळली दिवाळीनंतर. डेअरी रिकामी झाल्यावर सुंदरा मागे थांबली. किटली धुतल्यासारखं करत होती.

‘तुमीच लावलं हे माज्या मागं, भाऊ.’

‘काय झालं?’

‘आये चा घेऊन येते.’

मला समजायला वेळ लागला. सहदेव असताना सोनुबाई रोज पहाटे गोठ्याच्या दारात चहाचा कप घेऊन उभी राहायची. ‘सहद्या, चा घे रं,’ म्हणायची. तो वळायचा नाही, हात तेवढा मागे करायचा. आता सुंदरा तो शर्ट घालून बसायला लागली आणि थोड्याच दिवसांत, एका पहाटे, मागून तीच हाक आली. सहद्या, चा घे रं. सुंदराच्या हातातली सडाची धार तुटली. वळावं तर म्हातारीला धक्का बसणार, बोलावं तर म्हैस बिथरणार. तिने हात मागे केला. कप हातात आला. म्हातारी थोडा वेळ उभी राहिली आणि घरात गेली. तेव्हापासून रोज हे असंच चाललं होतं.

‘डोळ्यांत फूल पडलंय तिच्या,’ मी म्हणालो. ‘अंधारात दिसत नसेल.’

‘तांदळातला खडा बराबर दिसतो.’

‘मग डोकं फिरलं असेल.’

‘दिसभर शानी असते. कवा नव्हती येवडी शानी. सकाळी चा देती, मंग उठून भाजी निवडती, आरोहीला डबा भरती. आदी नुस्ती पडून हुती ना? आता उठती, चालती, जेवती.’

‘मग सांगून टाक की तू आहेस म्हणून.’

‘कसं सांगू?’ सुंदराचा आवाज चढला. ‘ती हाक मारती तवाच काय ते त्यांचं नाव ऐकू येतं घरात. येरवी कोन घेतंय? सांगितलं तर परत भिताडाकं तोंड करून निजंल. आन मला बी...’

‘तुला काय?’

‘काय नाय. फॅट किती लागली आज?’

मी फॅट सांगितली. तिने किटली उचलली. जाताना म्हणाली की गोठ्यात गेल्यावर तिला कधीकधी आपलं नावच आठवत नाही, आणि हे असं हसत सांगितलं की मला ते ऐकून वाईट वाटलं. सहसा मला वाटत नाही.

तेव्हापासून मला एका गोष्टीची धास्ती होती. म्हैस जन्मभर दूध देत नाही. भिंगरी गाभण होती, पावसाळ्यात आटणार हे ठरलेलं होतं. दूध आटलं की शर्ट घालायचं कारण संपलं. मग एका पहाटे म्हातारी कप घेऊन येणार, आणि गोठ्यात पाठ नसणार. मुलगा एकदा पनवेलला गेला होता, आता दुसऱ्यांदा जाणार. सुंदरालाही हे कळत होतं. वैशाखात दूध कमी व्हायला लागलं तसा तिचा चेहरा उतरत गेला. माझ्याकडे दूध कमी झालेल्या लोकांचे चेहरे उतरतातच, पण हे उतरणं वेगळं होतं.

आषाढात भिंगरी पुरती आटली. सुंदरा किटली आणायची बंद झाली. मी म्हणालो, सुटली. काय ते सांगून झालं असेल.

पण आवडीने बातमी आणली की गोठ्यात पहाटे अजून दिवा दिसतो. मी एकदा भल्या सकाळी पेंडीचं पोतं टाकायला त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम कुडातून डोकावलो. बरं दिसत नाही हे, पण मी डोकावलो. अंगात निळा शर्ट, डोक्याला गमछा, गुडघ्यांत बादली. बादली रिकामी. वर भिंगरी पोट सोडून रवंथ करत उभी, आपल्या पायाशी हे काय चाललंय याची तिला पत्रास नाही. दूध नाही, धार नाही, आणि ही बाई हातसुद्धा न हलवता नुसती बसली होती. मागे म्हातारीची पावलं वाजली तसा मी तिथून निघालो.

त्याच दिवशी सुंदरा मला शेतावर भेटली, लावणी चालू होती. मी म्हणालो, ‘आता कशाला?’

‘आये येती,’ ती म्हणाली. ‘कप घेऊन म्हातारी मानूस चिखलातून येतंय. कुनी नको का घ्यायला?’ आणि खाली वाकून रोपं लावायला लागली. मी बांधावरूनच परत फिरलो. आणखी विचारून काही उपयोग नव्हता.

भाद्रपद लागला. वर्षश्राद्ध आलं. तोवर पाठमोरा सहदेव म्हणजे सुंदराच, हे आवडीला कळलं होतं आणि तिच्या तोंडून शर्टाची गोष्ट मनोजपर्यंत पोचली होती. तो आदल्या संध्याकाळी आला तो तरातरा डेअरीतच. माझ्यावर तोंडसुख घेतलं. हे खूळ तुम्हीच काढलंत म्हणाला. मी त्याला चहा दिला. चहा पिताना तो जरा नरमला आणि मग त्याच्या मनातलं बाहेर आलं.

‘दादा सपनात येतो, भाऊ. गोठ्याच्या दारात उभा आसतो. आत बी येत नाय, जात बी नाय. मी हाका मारतो, त्यो बोलत नाय. सगळे कपडे मी माज्या हातानं सोडले नदीला, आन यांनी येक दडवून ठेवला. कसा सुटंल त्यो? उद्या शर्ट घेऊन जानार मी. वयनीला काय वाटायचं ते वाटू दे.’

मला भूतखेत पटत नाही. पण समोर बसलेला माणूस भावाच्या काळजीने वाळला होता, ते कसं नाकारणार? मी म्हणालो, आईला विचार. तो म्हणाला, फोनवर इचारलं, ती बोलतच नाय.

भिंगरी आटलेली, म्हणून खिरीचं दूध मलाच न्यायचं होतं. झुंजुमुंजू होताना मी किटली घेऊन गेलो. पाऊस बारीक लागून राहिला होता, लाइट नव्हती. सोनुबाई चुलीशी जागी होती. माझ्या हातात किटली बघून तिने आधणाचं टोप पुढे केलं.

‘जरा हितं वत.’

‘खिरीला कमी पडेल, आजी.’

‘वत रं. खीर पातळ झाली तर कोन मरत नाय.’

मी ओतलं. सहदेव जन्मभर कोरा चहा प्यायला. दूध विकायला असतं, आपल्याला नसतं, असं म्हणायचा. म्हणून गोठ्यात वर्षभर कोराच चहा जात होता आणि सुंदरा, जिला कोऱ्या चहाने मळमळतं, तो घशाखाली लोटत होती. आज म्हातारीने त्यात दूध घातलं, साखरही जास्त घातली, कप भरला आणि मला म्हणाली, ‘मोबाईलची बत्ती धर. पायरी निसरडी झाली हाय.’

मी बत्ती धरून तिच्यामागे गेलो. मनोज ओटीवर तोंड धूत होता, तोही उठून आला. गोठ्याच्या दारात आम्ही तिघं उभे राहिलो. समोर ती पाठ होती. निळा शर्ट, गमछा, रिकामी बादली.

‘सुंदरे,’ सोनुबाई म्हणाली, ‘चा घे गं.’

हात सवयीने मागे आला आणि अर्ध्यात थांबला. बोटं तशीच उघडी राहिली.

‘सुंदरे, तुलाच म्हनते. दूध घातलंय. वळ हिकडं.’

ती वळली. बत्तीच्या उजेडात डोळे बारीक करून आधी म्हातारीकडे बघितलं, मग कपाकडे.

‘आये, तुला म्हाईत हुतं?’

‘पयल्या दिसापासून. नऊ म्हयने पोटात वागवला. त्याची पाठ वळकंना व्हय मला?’

‘मंग हाक का मारत हुतीस?’

सोनुबाईने कप गव्हाणीच्या काठावर ठेवला. ‘हाक मारली की हात माघारी यायचा. त्येवडं पुरं हुतं मला. वाटलं, तुला बी बरं वाटत आसंल. पन आता म्हस आटली, तरी तू बसतीस. माज्यापायी रिकामी बादली घेऊन बसतीस. माजा पोर गेला तो गेला. त्याच्या पाटी सुनंला बी घालवू का मी?’

मग ती पुढे झाली आणि तिने सुंदराच्या डोक्यावरचा गमछा सोडला. लहान पोराची काढतात तशी शर्टाची बटणं एकेक काढली. शर्ट हातात घेऊन कॉलर नाकाला लावली, खूप वेळ. मग तो मनोजकडे दिला.

‘हुंग.’

मनोज घोटाळला, पण त्याने नाकाशी नेला. आधी नुसता, मग दोन्ही हातांनी तोंडावर दाबून, आत आत काहीतरी शोधत असल्यासारखा. बाहेर काढला तेव्हा त्याचा चेहरा पार मोडला होता.

‘दादाचा नाय ह्यो वास,’ तो म्हणाला. ‘दादाचा काईच नाय ऱ्हायला ह्यात.’

‘नाय ना? कवाच गेलाय तो. वरीसभर हिचा घाम मुरलाय ह्यात, हिचं खोबरेल मुरलंय. हा कपडा सुनंचा हाय माज्या. नदीला कसा सोडतोस? ती जित्ती हाय.’

मनोज वहिनीपुढे गेला, त्याने शर्ट तिच्या मांडीवर ठेवला आणि तो तिथेच तिच्या पायाशी वाकला.

आणि सुंदरा रडली. मी आजवर पुष्कळ रडणी ऐकली आहेत, दारची, मसणवटीतली, लोकांना दाखवायची आणि न दाखवायची. हे तसलं नव्हतं. तिने आधी दोनदा नुसतंच तोंड उघडलं, आवाज आला नाही. मग जो आला त्याने भिंगरी दावं ओढून मागे सरली. ‘अहो,’ एवढंच ती म्हणत होती, नवऱ्याला मारायची तीच एक हाक, पुन्हा पुन्हा. वर्षभर त्या गोठ्यात ती तो शब्द बोलू शकली नव्हती. सहदेव होऊन बसलेल्या बाईने सहदेवला हाक कशी मारायची? मी बत्ती बंद केली. एव्हाना उजाडलं होतं, गरज नव्हती.

आवाज ऐकून आवडी पावसातून धावत आली, डोक्यावर गोणपाट, पाय चिखलाने भरलेले. आपल्या शेजारी आज पुन्हा कोणी गेलं की काय, असं तिला वाटलं होतं.

‘काय झालं? आजी, काय झालं?’

‘काय नाय गं,’ सोनुबाई म्हणाली. ‘तिचा नवरा वारलाय. रडू दे तिला.’

आवडीने एकदा आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग काही न विचारता आत गेली आणि सुंदराशेजारी शेणातच बसली.